लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घेताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे. लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेतली. कॅसेटवर चित्र बरे होते, डीव्हीडीवर मात्र चेहरे पुसट झाले. कोणी हलले की चौकोनी ठिपके उमटतात. डीव्हीडी तर कॅसेटपेक्षा चांगली म्हणतात, मग असे का? कऱ्हाडच्या एका भगिनीने तर सरळच लिहिले आहे, 'चित्र स्वच्छ करणारे एखादे सॉफ्टवेअर सांगा.'

याचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, खालाजानच्या रागावण्यात मिळाले. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

खालाजान सांगलीत कृष्णाकाठी राहतात. २००५ च्या महापुरात घरात पाणी शिरू लागले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी कुरआन शरीफ, घराची कागदपत्रे आणि कॅसेटची एक पिशवी माळ्यावर चढवली. पिशवीत थोरल्या मुलीच्या निकाहची आणि वलीम्याची कॅसेट होती. खालू आता या जगात नाहीत. भिंतीवर त्यांचा फोटो आहे. पण त्यांचे चालणे, बोलणे, रुख्सतीच्या वेळी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मागितलेली दुआ, हे सारे फक्त त्या कॅसेटवर आहे. घरचा व्हीसीआर बिघडला आणि कॅसेट पाहणे बंद झाले. दुकानात द्यायला खालाजान तयार नव्हत्या. 'घरच्या बायकांची कॅसेट आहे. कोणाच्या कॉम्प्युटरवर राहील, कोण पाहील, काय सांगावे?' हे त्यांचे म्हणणे. शेवटी ती पिशवी माझ्या हवाली झाली आणि मी ती एसटीत मांडीवर घेऊन साताऱ्याला आणली.

मी हौसेने एकच डीव्हीडी केली. निकाहची तीन तासांची कॅसेट आणि वलीम्याची दीड तासाची, असे साडेचार तास एका डीव्हीडीत बसवले आणि मोठ्या ऐटीत सांगलीला गेलो. खालाजान चष्मा पुसून टीव्हीपुढे बसल्या, मग आणखी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "इसमें तेरे खालू किधर हैं रे? मेरेकू तो दिसतेच नहीं."

खालू समोरच होते, शेरवानी घालून उभे. पण त्या चेहऱ्याला नाक-डोळेच उरले नव्हते. कॅसेटने इतकी वर्षे सांभाळलेले मी एका दुपारी घालवले होते. सुदैवाने मूळ कॅसेट शाबूत होती.

डीव्हीडी चित्र सुधारत नाही

सगळ्यांत आधी हा गैरसमज दूर करू या. डीव्हीडी कॅसेटपेक्षा चांगली असते याचा अर्थ इतकाच, की तिच्यात जास्त बारकावे मावू शकतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते, तर साध्या व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांएवढा तपशील असतो. कॅसेटवर जे नाही ते डीव्हीडी कुठून आणणार? मिरजेच्या सतारमेकरांना विचारा. भोपळा आणि लाकूड चांगले नसेल तर वरून कितीही पॉलिश केले तरी सूर सुधारत नाही.

म्हणून प्रश्न 'चित्र सुधारायचे कसे' असा विचारण्याऐवजी 'चित्र वाटेत कुठे गळते' असा विचारावा. कॅसेटपासून डीव्हीडीपर्यंतच्या वाटेवर गळतीच्या जागा मोजक्याच आहेत. त्या बुजवल्या की डीव्हीडी कॅसेटइतकी चांगली होते. त्याहून जास्त कोणी कबूल करत असेल तर विश्वास ठेवू नका.

कॅसेट कोणती, हे आधी पाहा

घरात एकाच लग्नाच्या दोन-तीन कॅसेट असतात. एक मूळ, एक मुलीच्या सासरी दिलेली, एक मामूंनी करून घेतलेली. कॅसेटवरून कॅसेट केली की प्रत्येक वेळी चित्र थोडे मऊ होते आणि रंग पसरतात. म्हणून मूळ कॅसेट शोधा. दुकानातून करून आणलेली व्हीसीडी मात्र चुकूनही मूळ म्हणून वापरू नका. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचेच असते. तिची डीव्हीडी केली तर ती जास्त टीव्हींवर चालेल कदाचित, पण चेहरे व्हीसीडीचेच राहतील.

आवाजाकडेही लक्ष द्या. त्या काळी व्हिडिओवाले 'मिक्सिंग' करून निकाहवर सिनेमाची गाणी चढवत. काझीसाहेबांचा खुतबा, 'कबूल है', सारे गाण्याखाली गाडले जाई. मिक्सिंग न केलेली कॅसेट कोणा नातेवाइकाकडे असेल तर ती सोन्याच्या मोलाची समजा. खालाजानच्या कॅसेटवरही निकाहच्या भागावर गाणी आहेत. रुख्सतीचा भाग मात्र नशिबाने तसाच राहिला आहे.

आपल्या भागात पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले की काळ्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. पुरात भिजलेली कॅसेट उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, फीत आकसते आणि वाकडी होते. ती चालवून पाहण्याचा मोहही आवरा आणि जाणकाराकडे न्या. फक्त प्लॅस्टिकचे खोके फुटले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. खालचे पाच स्क्रू काढून फितीची दोन्ही रिळे दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात जशीच्या तशी बसवता येतात.

कॅसेट चांगली असेल तर ती आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत गुंडाळलेली फीत त्यामुळे मोकळी होते.

व्हीसीआर आणि वायर

माझ्या पहिल्या डीव्हीडीत चित्राच्या वरच्या भागात सारखे पांढरे ओरखडे येत होते. ते कॅसेटचे नव्हते, हेडवर साचलेल्या घाणीचे होते. व्हीसीआरचे हेड मेकॅनिककडून साफ करून घ्या. खर्च थोडा आहे आणि फरक डोळ्यांना दिसेल इतका मोठा. तो जुना व्हीसीआर टाकूनही देऊ नका. दुरुस्त करणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. कॅसेट लावल्यावर ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवून चित्र सर्वांत स्थिर होते तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावे लागते.

व्हीसीआरमधून चित्र बाहेर काढायच्या वाटाही दोन-तीन असतात. अँटेनाच्या केबलची वाट सर्वांत वाईट. पिवळ्या पिनची व्हिडिओ वायर तिच्यापेक्षा चांगली. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरचे कॅप्चर कार्ड दोन्हींना एस-व्हिडिओची गोल जागा असेल तर तीच वापरा. पण अशी जागा साध्या घरगुती व्हीसीआरला क्वचित असते. पिवळी वायर मात्र नवी, जाड आणि आखूड घ्या. ज्यांचे चित्रण कॅसेटवर नसून मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या टेपवर आहे, त्यांनी पिवळी वायर वापरूच नये. कॅमेऱ्याची फायरवायर केबल कॉम्प्युटरला जोडली की टेपवरचे चित्र काहीही न गळता जसेच्या तसे उतरते.

कॉम्प्युटरवर घेताना

इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली, सॉफ्टवेअर आपोआप एनटीएससी पद्धत निवडते. ती अमेरिकेची. आपली पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. एनटीएससी राहिले तर चित्रातल्या रेघा ५७६ वरून ४८० होतात आणि माणसे धक्के खात चालल्यासारखी दिसतात. सुरुवातीलाच 'डीव्हीडी पाल' निवडा.

दुसरी, टीव्ही ट्यूनर कार्डाबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा व्हीसीडीचे सेटिंग आधीच लावलेले असते. ते तसेच राहिले तर खेळ तिथेच संपतो. पुढे कितीही महाग डीव्हीडी वापरली तरी चित्र व्हीसीडीचेच.

तिसरी, दोनदा दाबणे. विंडोज मूव्ही मेकरमध्ये काटछाट करून फाइल डब्ल्यूएमव्ही प्रकारात ठेवली आणि नंतर नीरोने तिची डीव्हीडी केली, की चित्र आधी एकदा आणि मग पुन्हा एकदा दाबले जाते. काटछाट करायची असेल तर फाइल डीव्ही-एव्हीआय पाल प्रकारात ठेवा. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांना ४० च्या आसपास. जागा लागते म्हणून कुरकुर करू नका, डीव्हीडी झाल्यावर ती मोकळी करता येते. हार्ड डिस्कचा तो भाग एनटीएफएस प्रकारचा हवा. फॅट-३२ प्रकारात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबते किंवा फाइलचे तुकडे पडतात.

आणखी एक बारीक गोष्ट. टीव्हीचे प्रत्येक चित्र दोन फील्डमध्ये येते, आधी एकाआड एक अर्ध्या रेघा आणि मग उरलेल्या अर्ध्या. कोणते फील्ड आधी हे सॉफ्टवेअरला चुकीचे सांगितले गेले तर हलणारी प्रत्येक वस्तू थरथरते. डीव्ही फाइलला 'लोअर फील्ड फर्स्ट' ठेवा. अन्य कार्डांचे वेगळे असू शकते. म्हणून आधी एक मिनिटाची डीव्हीडी पुन्हा पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर करून टीव्हीवर लावून पाहा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हा दोष नीट कळत नाही. उलट तिथे हलणाऱ्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतात म्हणून लोक 'डीइंटरलेस' करतात. टीव्हीवर पाहायचे असेल तर ते करू नका.

किती तास, हाच खरा प्रश्न

आता माझ्या मुख्य चुकीकडे येतो. एका डीव्हीडीवर ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट मावतात. (कॉम्प्युटर त्याच्या मोजणीने ४.३८ दाखवतो, तो आकडा पाहून दुकानदाराशी भांडू नका.) डबा तेवढाच आहे. त्यात एक तास भरला काय आणि साडेचार तास भरले काय, सॉफ्टवेअर बसवून देते. पण कसे? एक लिटर दुधाचा शिरखुर्मा तीस पाहुण्यांना पुरवायचा तर पाणी घालण्यावाचून गत्यंतर नसते, तसे.

एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. ६०० ला एकूण मिनिटांनी भागा. येणारे उत्तर म्हणजे दर सेकंदाला चित्र आणि आवाज मिळून किती मेगाबिट वाट्याला येतात. दोन तास, म्हणजे १२० मिनिटे असतील तर ५. दीड तास असेल तर साडेसहाच्या थोडे वर. तीन तासांना ३.३. माझ्या साडेचार तासांना जेमतेम सव्वादोन! एका तासाला उत्तर १० येते, पण तेवढे भरू नका. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे आणि त्याच्या जवळ गेले की घरातले साधे प्लेअर अडखळतात. ८ वर थांबा.

माझ्या अनुभवाने लग्नाच्या चित्रणाला ५ च्या खाली जाऊ नये. म्हणजे एका डीव्हीडीवर फार तर दोन तास, शक्य असेल तर दीडच. तीन तासांच्या कॅसेटच्या दोन डीव्हीडी करा. एक कोरी डीव्हीडी वाचवून शेवटी काय शिल्लक राहते, ते मी पाहिले आहे.

आवाजाचे सेटिंगही तपासा. 'पीसीएम' असेल तर आवाज एकटा दीड मेगाबिट खातो. 'डॉल्बी' म्हणजे एसी-३ ठेवले तर ०.२ मध्ये भागते, आणि जुन्या कॅसेटच्या आवाजात ऐकताना फरक जाणवत नाही. वाचलेले सारे चित्राच्या वाट्याला येते.

सॉफ्टवेअरमध्ये 'व्हीबीआर, टू पास' असा पर्याय असेल तर तोच घ्या. पहिल्या फेरीत ते सारे चित्रण पाहून घेते आणि दुसऱ्या फेरीत गरजेप्रमाणे वाटप करते. खुतबा चालू असताना सारे स्तब्ध बसलेले असतात, तिथे थोडक्यात भागते. छुहारे वाटू लागले की एकच गडबड उडते, तिथे जास्त लागते. वेळ दुप्पट जातो, पण तो कॉम्प्युटरचा जातो, आपला नव्हे.

जुन्या कॅसेटच्या चित्रात सतत बारीक मुंग्या वळवळत असतात. आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, सॉफ्टवेअर मात्र त्यांना हालचाल समजून त्यांच्यावरच जागा उधळते आणि चेहऱ्यांना कमी पडते. म्हणून 'नॉइज रिडक्शन' हलकेसे लावावे. जास्त लावले की चेहरे मेणाचे होतात. 'शार्पनेस' वाढवू नये, त्याने मुंग्याच ठळक होतात. आणि अगदी नाइलाजाने तीन तास एकाच डीव्हीडीवर घ्यायचे झाले, तर चित्राचा आकार ७२० ऐवजी ३५२ गुणिले ५७६ निवडा. तो डीव्हीडीच्या नियमात बसतो, व्हीएचएसचा तपशील त्यात जवळजवळ सगळा मावतो आणि चौकोन पुष्कळ कमी दिसतात.

राइट करताना

'कमी वेगाने राइट केले की चित्र स्वच्छ येते' असे अनेकजण सांगतात. हे खरे नाही. चित्र स्वच्छ की पुसट हे त्याआधीच ठरून गेलेले असते. वेग चुकला तर डीव्हीडी अडकते, उड्या मारते किंवा शेवटची वीस मिनिटे चालतच नाही. ते टाळण्यासाठी १६ एक्स लिहिलेली डिस्क ८ किंवा ४ च्या वेगाने लिहावी आणि नंतर 'व्हेरिफाय' करावे. डिस्क काठोकाठ भरू नये, बाहेरच्या कडेला वाचण्याच्या चुका जास्त होतात. वर कागदी लेबल चिकटवू नये, बॉलपेनने लिहू नये. डिस्कवर लिहायचे मार्कर मिळते ते वापरावे.

आणि वीज! वीज गेली की अर्धी लिहिलेली डीव्हीडी वाया जाते. कॅसेट उतरवणे आणि डीव्हीडी राइट करणे या दोन्ही गोष्टी वीज जाण्याची शक्यता कमी असेल तेव्हाच सुरू करा. मी दुसऱ्या वेळी इशाच्या नमाजनंतर बसलो आणि रात्री काम उरकले.

ही अमानत आहे

चित्रण करावे की नाही यावर आलिमांची मते वेगवेगळी आहेत, त्या चर्चेत इथे जात नाही. पण ज्या घरात कॅसेट आहे, तिथे ती अमानत आहे, याविषयी दुमत नसावे. लग्नाच्या कॅसेटमध्ये मेहंदीच्या रात्रीच्या, बायकांच्या खोलीतल्या घरच्या आणि शेजारच्या भगिनी असतात. दुकानात देणार असाल तर आपल्यापैकी कोणीतरी तिथे थांबा आणि काम झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाइल आपल्यासमोर पुसून घ्या. मी खालाजानच्या सर्व फाइली त्यांच्या मुलाच्या हार्ड डिस्कवर दिल्या आणि माझ्याकडच्या पुसल्या. वलीम्याच्या डीव्हीडीच्या प्रती वाटल्या, मेहंदीच्या भागाची प्रत मात्र खालाजानच्या कपाटातच राहिली.

मूळ कॅसेट टाकून देऊ नका. उद्या याहून चांगली पद्धत आली तर पुन्हा तिच्यापासूनच सुरुवात करावी लागेल. डीव्हीडीच्या दोन प्रती करा आणि त्या दोन गावांत ठेवा. ज्या कृष्णेने आमच्या सांगलीच्या घरात पाणी आणले ती आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला उगम पावते, पण सातारा शहर उंचावर आहे. म्हणून खालाजानच्या संमतीने निकाहची एक प्रत इथे, अम्मींच्या पेटीत आहे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा निकाहच्या दोन आणि वलीम्याची एक अशा तीन डीव्हीडी होत्या. चित्र नव्यासारखे झालेले नाही. रंग फिके आहेत आणि खाली एक अस्थिर पट्टी होती ती मी काळी करून टाकली. पण रुख्सतीच्या वेळी खालू पुढे आले तेव्हा त्यांच्या भुवईजवळचा तीळसुद्धा दिसला. या वेळी खालाजान टीव्हीजवळ सरकल्या नाहीत. बसल्या जागेवरून एवढेच म्हणाल्या, "आवाज बढा."

वाचक भगिनी-बंधूंनो, पावसाळा तोंडावर आहे. माळ्यावरची, ट्रंकेतली कॅसेट या आठवड्यात खाली काढा आणि खिडकीतून फीत एकदा पाहून घ्या. बाकीचे इन्शाअल्लाह हळूहळू होईल.